कोकणातल्या घरात साठवणीचे डबे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकण किनारपट्टीवरच्या घरांतून येणारे बहुतेक प्रश्न "डबा कुठला घेऊ?" इथून सुरू होतात आणि "आत बुरा कसा आला?" इथे येऊन थांबतात. घाईत असाल तर आधी प्रश्न ४ आणि ५ वाचा, बाकीचे सवडीने.

१. सहा माणसांच्या घराला किती डबे लागतात? एकदम मोठा सेट घेऊन टाकू का?

सेट घेऊ नका. आधी सामान बाहेर काढा, मग माप ठरवा. एका दिवशी एकच खोली घ्यायची. सगळं ओटीवर मांडायचं आणि रोजचं, सणावारी लागणारं, पावसाळ्यापुरतं, कधीतरी लागणारं असे ढीग करायचे. पाचवा ढीग टाकून देण्याचा. तो आपोआप मोठा होतो, काळजी नको.

तीन मापं पुरतात. औषधं, वायरी, शिवणाचं सामान यांना १० ते १५ लिटर. पुस्तकं आणि हत्यारांना २५ लिटर. कपडे-चादरींना ५० ते ६० लिटर. पुस्तकं मोठ्या डब्यात भरू नका, २५ लिटरचा डबासुद्धा भरल्यावर १५ किलोच्या वर जातो. शंभर लिटरचे डबे दुकानात स्वस्त दिसतात, पण भरल्यावर शिडीवरून माळ्यावर चढत नाहीत. सहा जणांच्या घरात माळा धरून १२ ते १५ डब्यांत भागतं. एकाच कंपनीचे, एकाच मापाचे घ्या, म्हणजे झाकणं अदलाबदल करता येतात आणि थर नीट बसतात. खरेदीआधी फळीची खोली आणि माळ्याचं तोंड टेपने मोजा. ६० लिटरचा डबा साधारण ५५ सेंमी लांब आणि ४० सेंमी रुंद असतो.

२. प्लास्टिक कोणतं चांगलं? पारदर्शक की रंगीत?

डबा उलटा करून त्रिकोणातला आकडा पाहा. ५ म्हणजे पॉलिप्रोपिलीन, २ म्हणजे एचडीपीई, दोन्ही चालतात. ६ आकड्याचं कडक, काचेसारखं दिसणारं प्लास्टिक आपटलं की तडकतं. आकडाच नसलेले, उग्र वासाचे गडद डबे पुनर्वापराच्या प्लास्टिकचे असू शकतात. ते हत्यारांना ठीक, खाण्याच्या वस्तूंना नकोत.

पारदर्शक डब्यात काय आहे ते न उघडता दिसतं, आणि पावसाळ्यात न उघडणं महत्त्वाचं. मात्र खिडकीतलं ऊन थेट पडत असेल तिथे रंगीत घ्या, कारण आतले कपडे विटतात. उन्हात राहिलेलं प्लास्टिक कुठलंही असो, दोन-तीन वर्षांत ठिसूळ होतं. क्लिपा आधी तुटतात.

३. आजीची पत्र्याची ट्रंक आहे. ती काढून टाकायची का?

नाही. उंदीर पत्रा कुरतडू शकत नाहीत, प्लास्टिक कुरतडतात. ट्रंकेचा शत्रू म्हणजे खारा वारा. गंज सहसा तळाच्या कडांपासून आणि बिजागरीपासून सुरू होतो. एप्रिलमध्ये गंज पॉलिश पेपरने घासा, रेड ऑक्साइडचा एक हात द्या, वाळला की ऑइलपेंटचे दोन हात. रंगाचा वास पूर्ण जायला आठवडा लागतो, तोवर कपडे भरू नका. बिजागरीला शिलाई मशीनचं तेल. तळाला जुनं सुती पातळ अंथरा, वर्तमानपत्र नको. ते ओल धरून ठेवतं.

४. झाकण घट्ट आहे, क्लिपा आहेत, तरी आतल्या कपड्यांना बुरा आणि कुबट वास. असं का?

कारण ओल बाहेरून शिरली नाही, कपड्यांबरोबरच आत गेली. हिशोब बघा. ३० अंश तापमानाला हवा पूर्ण दमट असली तरी एका घनमीटरात सुमारे ३० ग्रॅम पाणी असतं. म्हणजे ६० लिटरच्या डब्यातल्या हवेत जेमतेम दोन ग्रॅम. पण सुती कापड स्वतःच पाणी धरतं. जुलैच्या हवेत पडून असलेल्या पाच किलो कपड्यांत, कडक उन्हात वाळवलेल्यांपेक्षा पाव किलोच्या आसपास जास्त पाणी असतं, आणि तरी ते हाताला कोरडेच लागतात. असे कपडे घट्ट डब्यात कोंडले की आतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर राहते आणि बुरशीला तेवढं पुरतं.

घट्ट झाकण बाहेरची ओल जशी रोखतं तशी आतलीही अडकवतं. म्हणून कोकणात डबा कुठला घेतला यापेक्षा तो कधी भरला हे महत्त्वाचं. पावसात भरलेल्या उत्तम डब्यापेक्षा मेमध्ये भरलेला साधा डबा बरा.

५. मग कपडे कधी आणि कसे भरायचे?

मेचा दुसरा-तिसरा आठवडा सर्वांत चांगला. वळवाचा पाऊस झाला असेल तर दोन दिवस कडक ऊन पडेपर्यंत थांबा. कपडे धुतलेले हवेत, आणि स्टार्च न केलेले. खळीवर बुरशी आणि कसर दोन्ही येतात. सकाळी दहाला दोरीवर टाका, दुपारी एकदा उलटवा. तीनच्या सुमारास सावलीत आणून अर्धा तास गार होऊ द्या. गरम कपडे भरून झाकण लावलं तर रात्री डबा गार झाल्यावर आतून दव धरू शकतं. उलट संध्याकाळपर्यंत बाहेर ठेवलेत तर कापड पुन्हा ओल ओढतं. चारच्या आत झाकण लागलं पाहिजे.

रिकामे डबेही त्याच दिवशी तासभर उन्हात उपडे-उताणे करा. धुतलेल्या डब्याच्या झाकणाच्या खाचेत पाणी राहतं आणि ते कुणी पाहत नाही. दाबून दाबून भरू नका, वर चार बोटं जागा ठेवा. दुसरी फेरी ऑक्टोबरच्या उन्हात. पावसाळ्यात डबा उघडावाच लागला तर उघडिपीच्या दिवशी दुपारी बारा ते तीनमध्ये उघडा, हवं ते काढा, लगेच बंद करा.

६. सिलिका जेल किती घालायचं? पुन्हा वापरता येतं का?

६० लिटरच्या डब्याला १०० ग्रॅम, २५ लिटरला ५० ग्रॅम. बुटांच्या खोक्यातली एवढीशी पुडी कामाची नाही. १०० ग्रॅम जेल साधारण २० ते ३० ग्रॅम पाणी शोषतं. प्रश्न ४ मधल्या पाव किलोशी तुलना करा, म्हणजे ओले कपडे जेलने का वाळत नाहीत ते कळेल. डबा उघडताना शिरलेली ओल टिपणं एवढंच त्याचं काम.

दाणे सुती पिशवीत शिवून कपड्यांच्या वर ठेवा. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशाला दोन तास तापवले की पुन्हा कामाला येतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं. ते खाण्याच्या डब्याजवळ नकोत आणि स्वयंपाकाच्या कढईत तापवायचे नाहीत. पांढरे किंवा नारिंगी घ्या.

पाणी गोळा होणाऱ्या ज्या डब्या मिळतात त्यांत कॅल्शियम क्लोराइड असतं. कपाटात सरळ उभ्या ठेवल्या तर त्या उत्तम. कपड्यांच्या डब्यात आडव्या झाल्या की खारं पाणी सांडतं, कपड्यांवर डाग पडतात आणि हुक-चेन गंजतात.

७. डांबर गोळ्या प्लास्टिकच्या डब्यात चालतील?

टाळा. त्यांची वाफ काही प्लास्टिक मऊ करते, आणि वास डब्यात कायमचा बसतो. लहान बाळांच्या कपड्यांत तर मुळीच नकोत: जी६पीडी नावाच्या विकराची कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी या वाफेने फुटू शकतात आणि काविळ वाढते. कापूर आणि डांबर गोळ्या एकत्र ठेवू नका, दोन्ही मिळून वितळतात आणि कपड्यांवर डाग पडतात. कसर स्वच्छ कपड्यांना कमी लागते, घामाच्या आणि डागाच्या कपड्यांना जास्त. धुऊन, वाळवून भरणं हाच खरा उपाय. कडुनिंबाची पानं घालायचीच तर कुरकुरीत वाळलेली, सुती पुरचुंडीत. हिरवी पानं म्हणजे नुसतं पाणी.

८. पैठणी आणि लग्नातले शालू कसे ठेवू?

सावलीत वारा लावून, उन्हात नाही. जर आतल्या बाजूला येईल अशी घडी, मध्ये धुवून मऊ झालेलं मलमल. चेनची प्लास्टिक कव्हरं बहुधा पीव्हीसीची असतात. ती पिवळी पडतात आणि कापडाला चिकटतात, ती काढून टाका. अत्तराचा फवारा आणि डांबर गोळी जरीला काळं करतात. तीन-चार महिन्यांनी घडीची रेघ बदला, नाहीतर रेशीम त्याच रेषेत चिरतं. एका डब्यात पाच-सहा साड्या, वर काहीही ओझं नको.

९. आगोटीला भरलेले तांदूळ आणि कडधान्यं ऑगस्टपर्यंत किडतात. डबा बदलू का?

डबा नव्हे, भरण्याची पद्धत बदला. सोंड्यांची अंडी बरेचदा दाण्याच्या आतच असतात आणि २५ ते ३० अंशात ती झपाट्याने वाढतात. कोकणातला पावसाळा नेमका त्याच तापमानाचा.

तांदूळ मेमध्ये दोन दिवस पातळ पसरून सुकवा, पूर्ण गार करा, मग भरा. २५ किलो तांदळाला ३२ ते ३५ लिटरची कोठी लागते. ती काठोकाठ भरा, कारण वरची मोकळी हवाच किड्यांच्या कामी येते. रोजच्यासाठी पाच किलोचा वेगळा डबा ठेवा आणि मोठी कोठी आठवड्यातून एकदाच उघडा. नवीन तांदूळ जुन्यावर ओतू नका. बहुतेक घरांत कीड इथूनच चालू होते. कुळीथ, मूग, चवळी यांना चोळून एरंडेल लावणं अजूनही उपयोगी: किलोला एक चहाचा चमचा. रवा-मैदा उणे १८ अंशाच्या फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवून मग डब्यात भरा. बाहेर काढल्यावर पुडा न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर दव धरून गुठळ्या होतात.

बोरिक पावडर आणि पाऱ्याच्या गोळ्या खाण्याच्या धान्यात नकोत. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर घरात आणूच नका. ओल लागली की त्यांतून फॉस्फिन वायू निघतो आणि तो बंद खोलीत माणूस मारतो.

१०. सुक्या मासळीचा वास सगळ्या डब्यांना लागतो. काय करायचं?

मासळीला काचेची बरणी, आणि ती बरणी आयुष्यभर मासळीचीच. पॉलिप्रोपिलीनमध्ये शिरलेला वास साबणाने जात नाही. बोंबील वाकवला तर मोडला पाहिजे, वाकत असेल तर अजून ऊन हवं. जवळा चाळून रेती काढा, मंद भाजून गार करून भरा. सोडे महाग, ते फ्रीझरमध्ये दुहेरी पिशवीत. खारवलेल्या बांगड्याचं मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि बरणीच्या तळाला रस सुटतो, म्हणून तो बाकीच्या सुक्यात मिसळू नका. सगळ्या बरण्या मिळून एका झाकणाच्या क्रेटमध्ये, धान्यापासून दूर, मांजर पोचणार नाही अशा फळीवर.

११. आमसुलं, लोणचं, मीठ यांनाही हेच डबे?

नाही. आमसुलाचं आम्ल आणि मीठ मिळून पत्रा आणि अॅल्युमिनियम खातात, स्टीललाही हळूहळू खड्डे पडतात. त्यांना चिनी मातीची किंवा काचेची बरणी. पापड आणि पोहे मात्र घट्ट स्टीलच्या डब्यात भरा, नाहीतर महिन्यात सादळतात.

१२. कुठल्या वस्तू बंद डब्यात ठेवूच नयेत?

कांदा, लसूण, बटाटे: त्यांना आंब्याचं जाळीचं क्रेट द्या. अलिबागचा पांढरा कांदा वेणी घालून टांगतात ते उगाच नाही. सोललेला नारळ लवकर खराब होतो, सोडणासकट ठेवा. पखवाज-ढोलकीचं चामडं बंद डब्यात बुरसतं, ती कापडी खोळीत भिंतीला टांगा. कापसाच्या गाद्याही नकोत. चामड्याच्या चपला आणि पट्टे कागदात गुंडाळून मोकळ्या फळीवर.

१३. माळ्यावर डबे ठेवले तर चालतील?

चालतील, दोन अटींवर. कौलं मेमध्ये चाळून झालेली हवीत, आणि डबे भिंतीपासून वीतभर आत हवेत, कारण झडीचं पाणी वळचणीकडून येतं. माळ्यावर मेमध्ये भयंकर तापतं, पत्र्याखाली तर जास्तच. मेणबत्त्या, औषधं, फोटो, सेल वर नकोत. एकावर एक तीनच डबे, जड तळाला. एका डब्याचं वजन १५ किलोच्या आत, नाहीतर उतरवताना शिडीवरचा माणूस आणि डबा दोघंही येतात.

१४. उंदीर आणि वाळवी डब्यांपर्यंत पोचतात. उपाय?

उंदराला कुरतडायला कड लागते. झाकणाची बाहेर आलेली ओठाळी त्याला सोयीची, म्हणून त्या बाजू भिंतीला लागून ठेवू नका. पिल्लाला सहा मिलिमीटरची फट पुरते, म्हणजे क्लिप तुटलेला डबा उघडाच समजा. धान्य, साबण, मेणबत्ती हे वासाचं सामान पत्र्यात किंवा स्टीलमध्ये.

वाळवी खोके आणि लाकडाच्या वासावर येते. पुठ्ठ्याची खोकी जमिनीवर ठेवणं म्हणजे तिला आमंत्रण. डब्यांखाली विटा किंवा पाट घाला, दहा सेंमी उचल द्या आणि भिंतीपासूनही तेवढंच अंतर ठेवा, म्हणजे मातीची नळी लगेच दिसते आणि केरसुणी आत जाते. पावसाळ्यात मागे हात घालण्याआधी बॅटरी मारा; विंचू आणि साप कोरडी जागा शोधत असतात. उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर कोरडं झाडू नका. हातमोजे घालून ब्लीचच्या पाण्याने पुसा, कारण लेप्टोस्पायरोसिस उंदरांच्या मुतातून पसरतो.

१५. जमिनीचे कागद आणि जुने फोटो कुठे ठेवायचे?

आधी वर्गवारी. सातबारा आणि आठ-अ डिजिटल सहीने ऑनलाइन मिळतात. नोंदणीकृत खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते. नोंदणी न झालेलं वाटणीपत्र, जुन्या चिठ्ठ्या, फोटो पुन्हा कुठेच मिळत नाहीत. सर्वांत चांगला छोटा डबा त्यांना द्या, खरेदीखताला नाही.

कागद मेमध्ये सावलीत वारा लावून, पारदर्शक पिशवीत, डब्यात ५० ग्रॅम सिलिका जेल. जुन्या कागदाला लॅमिनेशन करू नका, ते परत निघत नाही. रबरबँड आणि टाचण्या काढा, खाऱ्या हवेत त्यांचा गंज कागदाला भोक पाडतो. भिजलेला गठ्ठा ओढून सुटा करू नका. पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवला तर बुरशी थांबते आणि सवडीने सोडवता येतो.

१६. पूर आणि वादळ, दोन्हींसाठी डबे कुठे ठेवावेत?

इथे सल्ला उलटसुलट होतो. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाडमध्ये पाणी खालून आलं, त्यामुळे वरचं वाचलं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड भागात कौलं आणि पत्रे उडाले, त्यामुळे माळ्यावरचं भिजलं. नदीकाठी असाल तर माळा, उघड्या किनाऱ्यावर असाल तर माजघरातली कमरेच्या वरची फळी. दोन्ही धोके असतील तर महत्त्वाचा डबा माळ्यावर ताडपत्रीत बांधून.

जमिनीवरचा क्लिपचा डबा पुरात तरंगतो. ६० लिटरचा १५ किलोचा डबा पाव भागच बुडतो, मग कलंडतो आणि झाकणातून पाणी घेतो. क्लिपचा डबा पाणबंद नसतोच. खरोखर पाणी थांबवायचं असेल तर रिंगचं झाकण आणि रबर असलेलं एचडीपीईचं निळं पिंप घ्या आणि खांबाला सैल दोरीने बांधा. त्यात पूर्वी काय होतं ते विचारून घ्या. रसायनाचं पिंप धान्याला कधीच नको.

१७. गणपतीची सजावट विसर्जनानंतर लगेच भरली तर पुढच्या वर्षी सगळं डागाळलेलं निघतं.

कारण सप्टेंबर ओलाच असतो. विसर्जनानंतर सगळं जाळीच्या क्रेटमध्ये सुटं ठेवा, ऑक्टोबरमध्ये ऊन देऊन मग डब्यात (प्रश्न ५). दिव्यांच्या माळा पुठ्ठ्यावर गुंडाळा, पिना कोरड्या फडक्याने पुसा, सेल काढून ठेवा. समई आणि पितळेची भांडी चिंचेने घासून, विस्तवाजवळ पूर्ण सुकवून सुती फडक्यात.

१८. आम्ही मुंबईला असतो, घर जून ते गणपती बंद. मागे काय ठेवू?

धान्य काहीच नाही. चादरी मेच्या शेवटी भरलेल्या, पलंगावर ठेवलेल्या डब्यांत. ६० लिटरमध्ये आठ-दहा सोलापुरी चादरी मावतात. फोटो आणि कागद बरोबर न्या. फ्रिज बंद करून दार अर्धवट उघडं, मध्ये फडकं अडकवून. गणपतीला दोन दिवस आधी कुणीतरी पोचून चादरींना वारा दिला तर पाहुणे आल्यावर कुबट वासाची तक्रार येत नाही.

१९. लेबलं गळून पडतात, शाई पसरते. टिकाऊ काय?

कागदावर पेन्सिलने लिहा आणि वरून रुंद पारदर्शक चिकटपट्टी चारी बाजूंनी बोटभर जास्त. पेन्सिलीची रेघ ओलीने पसरत नाही. लेबल झाकणावर नको, झाकणं बदलतात. दोन शेजारच्या बाजूंवर लावा. फक्त नंबर आणि चार शब्द. पूर्ण यादी वहीत, आणि तिचा फोटो घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, म्हणजे "मखराचे खिळे कुठे?" असा फोन रात्री अकराला येत नाही.

२०. सासूबाई रिकामे डबे, पिशव्या काहीच टाकू देत नाहीत.

त्यांचा एक डबा त्यांना द्या, ६० लिटरचा, त्यांच्याच हाताने भरलेला. तो भरला की नवीन येईल तेव्हा जुनं त्याच काढतील. त्यातल्या वस्तू दुसऱ्याने परस्पर फेकायच्या नाहीत. ही तडजोड बहुतेक घरांत चालते. भांडण मात्र कुठल्याच डब्यात मावत नाही.

२१. बुरा आलाच तर कपडे आणि डबा वाचतात का?

बहुधा वाचतात. घराबाहेर, नाकाला फडकं बांधून झटका. आत झटकलात तर बीजाणू सगळीकडे जातात. सुती पांढरे कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात. रंगीत कपड्यांना पाण्यात वाटीभर पांढरं व्हिनेगर, अर्धा तास, मग नेहमीसारखं धुणं. व्हिनेगर आणि ब्लीच कधीच एकत्र नको, क्लोरीन वायू निघतो. काळे ठिपके धाग्यात उतरले असतील तर डाग राहतो, पण वास जातो. रेशमाला घरी काहीच करू नका, ड्रायक्लीनला द्या. डबा साबणाने धुवा, झाकणाची खाच जुन्या टूथब्रशने घासा, दिवसभर उन्हात ठेवा. पाऊस चालू असेल तर डबा उघडाच ठेवा आणि कपडे पंख्याखाली दोरीवर. ऊन पडेपर्यंत परत भरू नका.